छायाचित्रांचा कागद



छायाचित्र कसें घ्यावें याविषयीं सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तें कशावर छापावें हा प्रश्न मात्र बहुधा दुकानदारावर सोंपविला जातो. तो विचारतो, "ग्लॉसी कीं मॅट?" आणि आपण दोहोंपैकीं एक शब्द उच्चारून मोकळे होतों. माझ्या मतें हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, कीं हें चित्र किती वर्षें टिकावें अशी आपली इच्छा आहे? वाढदिवसाच्या शंभर चित्रांना दहा वर्षें पुरेशीं आहेत. परंतु आजी-आजोबांचें एकच छायाचित्र घरांत उरलें असेल आणि तें स्कॅन करून नव्यानें छापावयाचें असेल, तर कागदाची निवड ही केवळ हौसेची बाब राहत नाहीं.

चाळीसगांवांत हा विषय काढला म्हणजे केकी मूस यांचें नांव आपोआप निघतें. १९१२ सालीं जन्मलेले हे पारशी कलावंत विलायतेंत शिक्षण घेऊन परतले आणि १९८९ सालीं मृत्यु येईपर्यंत स्टेशनाजवळच्या आपल्या घरांत जवळजवळ एकांतवासांत राहिले. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून त्यांतून विस्तीर्ण देखावा उभा करण्याची, 'टेबल-टॉप' नांवाची छायाचित्रणाची रीत त्यांनीं फार उंचीवर नेली. त्याच घरांत आज त्यांचा संग्रह पाहावयास मिळतो. त्या पिढीचे कलावंत प्रदर्शनासाठीं कृष्णधवल चित्रें ज्या कागदावर छापीत, त्याच्या पृष्ठावर सामान्यतः बेरियम सल्फेट या शुभ्र पदार्थाचा, जिलेटिनमध्यें कालविलेला थर असे, आणि त्यावर चांदीच्या क्षारांचा प्रकाशग्राही थर. त्या मधल्या थराला बॅराइटा म्हणत. त्यानें कागद शुभ्र व गुळगुळीत होई आणि काळा रंग खोल उतरे. नीट धुतलेलीं अशीं चित्रें पाऊणशें वर्षांनींहि निरोगी आढळतात. आज इंकजेट कागदाच्या खोक्यावर 'बॅराइटा' हा शब्द दिसतो तो याच वंशाचा. मात्र येथें चांदी नसते, असतो तो शाई धरून ठेवणारा, अतिसूक्ष्म छिद्रांचा लेप.

लेपाखालीं कागदाचा देह असतो, आणि आयुष्याचा निम्मा निवाडा तेथें होतो. वर्तमानपत्राचें एक पान वैशाखांत उन्हाच्या खिडकींत ठेवून पाहा. थोड्याच दिवसांत पिवळें पडतें. लांकडाच्या लगद्यांत राहिलेल्या लिग्निन नांवाच्या द्रव्याचा हा प्रताप. याउलट धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणीं जपलेलीं जुनीं दप्तरें पाहावीं. घाटापलीकडे दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यास शतकानुशतकें जसा कागद होत आला, तसा तो हातकागद चिंध्या व तंतूंचा असे. लिहिणाराच्या कित्येक पिढ्या गेल्या, अक्षर राहिलें.

खानदेश तर कापसाचा मुलूख. जिनिंगमध्यें रुई निघाल्यावर सरकीला चिकटून राहणारी आंखूड लव असते, तिला लिंटर म्हणतात. उत्तम चित्रकागदाचा लगदा याच लवेचा किंवा कापसाच्या चिंध्यांचा. आपल्या खिशांतील नोटेचा कागदहि शंभर टक्के कापसाचाच आहे, म्हणून ती हजार हातांतून जाऊनहि जगते. कापसाच्या खालोखाल अल्फा-सेल्युलोज, म्हणजे लिग्निन काढून शुद्ध केलेला लांकडाचा लगदा. सामान्य घराला हा पुरेसा चांगला आहे, असें मी निःशंकपणें सांगेन. तिसरा प्रकार दोन्ही बाजूंनीं प्लास्टिकचा पापुद्रा असलेला चकचकीत कागद. अल्बम भरावयास तो सोयीचा. वंशपरंपरेनें द्यावयाच्या चित्रास नव्हे.

जाडीनें मात्र फसूं नये. कचेरींतला कागद दर चौरस मीटरला सुमारें ७५ ते ८० ग्रॅम वजनाचा असतो, तर १५८४ पासून चालत आलेल्या हानेम्यूले या जर्मन गिरणीचा 'फोटो रॅग' ३०८ ग्रॅमचा. हें वजन हाताला सुखावतें, कागद सुरकुतत नाहीं. परंतु वजन म्हणजे आयुष्य नव्हे. तसेंच निव्वळ हातकागद घेऊन प्रिंटरला घालूं नये. स्वदेशीचा अभिमान मलाहि आहे. पण लेप नसलेल्या कागदांत शाई खोल मुरते, कडा फुटतात आणि काळा रंग राखेसारखा दिसतो.

पांढरेपणाचीहि एक गोष्ट आहे. डोळे दिपविणारा पांढरा कागद बहुधा रासायनिक उजाळ्यानें पांढरा केलेला असतो. हीं द्रव्यें अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश परत देतात. कालांतरानें त्यांचा जोर ओसरला, कीं कागद पिवळट दिसूं लागतो. पारख अगदीं सोपी आहे. दुकानांत नोटा तपासण्याचा निळसर दिवा असतो, त्याखालीं कागदाचा तुकडा धरावा. खऱ्या नोटेचा कागद त्याखालीं मंदच राहतो, फक्त कांहीं खुणा चमकतात. आपला तुकडा सगळाच निळा लखलखला, तर त्यांत उजाळा भरपूर आहे असें समजावें. टिकाऊ चित्राला किंचित् सायीच्या रंगाचा कागदच बरा. जुन्या चेहऱ्यांना तो शोभतोहि.

शाईचें म्हणाल, तर लुगड्याप्रमाणें येथेंहि कच्चा रंग आणि पक्का रंग असा भेद आहे. विरघळणाऱ्या रंगाची शाई, जिला डाय म्हणतात, ती चमकदार पण हवेला व उजेडाला भिणारी. विशेषतः सूक्ष्म छिद्रांच्या लेपावर ती मोकळ्या हवेंत लौकर विटते. रंगकणांची, म्हणजे पिगमेंटची, शाई पुष्कळ अधिक टिकते. महाग कागदावर कच्च्या शाईनें छापणें म्हणजे पैठणीला कच्चा रंग देणें होय. दुकानांत कागदाचें नांव विचारण्यापूर्वीं शाई कोणती हें विचारावें, आणि उत्तर गुळमुळीत आलें तर दुसरें दुकान पाहावें.

आतां ग्लॉसी-मॅटचा दुसरा प्रश्न. फिकट, तपकिरी झालेलें कौटुंबिक छायाचित्र मॅट कापसाच्या कागदावर मृदु व शांत उतरतें. गडद सावल्यांचें, मूसांच्या धर्तीचें कृष्णधवल चित्र बॅराइटावर खुलतें, कारण मॅट कागदावर तितका खोल काळा रंग मिळत नाहीं. चित्र कांचेमागेंच लावावयाचें असेल, तर खडबडीत पोताच्या कागदासाठीं जादा पैसे देऊं नयेत. कांचेमागें तो पोत दिसणार नाहीं.

घरीं छापणारांस कांहीं सूचना. प्रत्येक कागद तीच शाई निराळ्या रीतीनें पितो, म्हणून त्या कागदासाठीं व आपल्या प्रिंटरसाठीं कारखान्यानें दिलेलें प्रोफाइल वापरावें. मॅट कागदाला मॅट काळी, चमकदार कागदाला फोटो काळी शाई. ही अदलाबदल झाली तर पहिलीकडे चित्र फिकें येतें, दुसरीकडे काळा रंग बोटाला लागतो. लेपाची बाजू ओळखूं येत नसेल, तर किंचित् ओलसर बोट कोपऱ्याला लावावें. चिकटते ती छापण्याची बाजू. कापसाच्या कागदावर सुटे तंतु असतात, ते मऊ कुंचल्यानें आधीं झाडावे. नाहींतर छपाईनंतर ते गळतात आणि आकाशांत पांढरे ठिपके उरतात. जाड ताव मागच्या बाजूनें एकेक घालावा आणि छपाईचें डोकें व कागद यांतील अंतर वाढवावें.

आपल्याकडील ऋतूंचाहि विचार हवा. चाळीसगांवच्या मे महिन्यांत कागद कोरडा होऊन कडा वळतात. आषाढांत तोच ओलावा पितो व शाई वाळावयास वेळ घेते. उरलेले ताव मूळच्या पिशवींतच, आडवे ठेवावे. छापलेलें चित्र किमान एक दिवस मोकळें वाळूं द्यावें. घाईनें कांच लावली, तर शाईंतील बाष्प आंतून कांचेवर धुक्यासारखें बसतें. चित्र आणि कांच यांमध्यें आम्लरहित पुठ्ठ्याचें अंतर असावें, पाठीला साधें प्लायवुड नसावें, आणि चौकट ओल्या भिंतीला टेकूं नये. वाळवीला कापूस आणि लांकूड दोन्ही सारखींच.

चौकट बंद करण्यापूर्वीं चित्राच्या पाठीवर, कडेला, मऊ शिसपेन्सिलीनें चित्रांतल्या माणसाचें नांव, गांव व साल लिहावें, आणि खालीं कागदाचें व शाईचें नांव. पुन्हा प्रत काढावयाची वेळ आली म्हणजे तें शोधीत बसावें लागत नाहीं.