जोडीदाराच्या पाठीवरची हवा



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि सुट्टीत स्कूबा डायव्हिंग. "खाली हवा संपली तर?" असं आज अनेकांनी विचारलं. त्याचंच उत्तर देते.

सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाने हवा भरलेली असते. १० मीटर खोलीवर भोवतालचा दाब दुप्पट होतो, ३० मीटरवर चौपट. प्रत्येक श्वासाला त्याच पटीत जास्त हवा लागते. वर तासभर पुरणारा सिलिंडर ३० मीटरवर पंधरा मिनिटांत रिकामा होतो.

प्रत्येक डायव्हरकडे दोन माउथपीस असतात. एक तोंडात, दुसरा बहुधा पिवळ्या रंगाचा, छातीपाशी अडकवलेला. त्याला ऑक्टोपस म्हणतात. आपला माउथपीस बिघडला तर तो कामी येतो. पण दोन्ही नळ्या एकाच सिलिंडरला जोडलेल्या असतात. म्हणजे मूळ फाइल आणि तिचा बॅकअप एकाच हार्ड डिस्कवर! सिलिंडर संपला की दोन्ही बंद. ऑक्टोपस मुख्यतः जोडीदारासाठी असतो, आणि माझी राखीव हवा जोडीदाराच्या पाठीवर असते.

म्हणून जोडीदार नुसता दिसून भागत नाही, तो दोन-चार सेकंदांत गाठता आला पाहिजे. फोटो काढत पंधरा मीटर लांब गेलेला जोडीदार नसल्यासारखाच. उतरण्याआधी एकमेकांच्या ऑक्टोपसमधून श्वास घेऊन पाहायचा. पाण्यात वरचेवर दाब विचारायचा. वर पोहोचताना निदान ५० बार शिल्लक हवेत, कारण ती हवा दोघांना लागू शकते. गुहेत जाणारे तर एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश परतायला ठेवतात आणि उरलेल्या हिश्शाला अडचणीशिवाय हात लावत नाहीत. काही जण वेगळा छोटा सिलिंडरही नेतात. तो खरा बॅकअप. पण तो आहे म्हणून जोडीदाराला सोडायचं नसतं.

तुमच्यापैकी बरेच जण मुलांना घेऊन मालवण-तारकर्लीला जाता. तिथे पहिल्यांदा उतरणाऱ्याचा जोडीदार म्हणजे प्रशिक्षक. त्याला बिनधास्त विचारा: "तुमचा ऑक्टोपस कुठे आहे? माझ्याजवळच राहणार ना? एका वेळी किती जणांना सांभाळता?" हवा संपल्याची खूण, म्हणजे गळ्यावरून आडवा फिरवलेला हात, मुलांना किनाऱ्यावरच शिकवा. आणि वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही, हे दोनदा सांगा. फुप्फुसातली हवा प्रसरण पावते. विज्ञानाच्या तासाला शिकलेला बॉईलचा नियम तो हाच.