ठोंबऱ्यांचा औदुंबर



खानदेशात साहित्याच्या मांडवाखाली अध्यक्ष म्हणून उभं राहणाऱ्याला एका पूर्वसूरीचा धाक असतो. १९०७ साली जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. लष्करातले डॉक्टर, हुद्दा लेफ्टनंट कर्नलचा, टेनिसनच्या काव्यावरून ‘इंदिरा’ लिहिणारे कवी आणि त्याहून जास्त म्हणजे पक्के वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्यापुढे एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली आणि कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरवलं. अध्यक्षीय भाषणात ते काय बोलले हे आज कुणी सांगत नाही. अध्यक्षीय भाषणांचं नशीब तेच असतं. पण झाडं ओळखणाऱ्या माणसाने तो मुलगाही ओळखला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्र्यंबक बापूजी ठोंबरे. जन्म धरणगावचा, १३ ऑगस्ट १८९० चा. वडील पोलीस खात्यात, म्हणजे बिऱ्हाड कायम पाठीवर. नवापूर, एरंडोल अशी गावं करत पुढे अहमदनगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी मुक्काम. आणि ५ मे १९१८ रोजी, जळगाव-भुसावळच्या मधल्या भादली स्थानकापाशी, रेल्वेगाडीखाली अंत. अठ्ठाविसावं वर्षही पुरं झालं नाही. कीर्तिकर त्याच्या आदल्याच वर्षी वारले होते. मेजर बसूंच्या जोडीने त्यांनी सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९१८ मध्येच अलाहाबादेहून बाहेर पडला. आणि पुढच्या जानेवारीत राम गणेश गडकरी गेले, तेही तेहतीस वर्षांचे. मराठी कवितेवर काय वेळ आली होती!

भादलीच्या रुळांवर नेमकं काय घडलं, याच्या कथा बऱ्याच सांगतात. त्यांत मी शिरणार नाही. उदासीच्या चार कविता लिहिणाऱ्या माणसाचा मृत्यूही त्याच्या कवितेतूनच शोधून काढायचा, ही आपली हौस मला बरी वाटत नाही. ज्यांच्या घरी तो राहिला, त्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तला ठोंबरे वाचा. तिथे फुलांशी बोलणारा देवदूत नाही. हट्ट करणारा, रुसणारा, लाडात येणारा, घरच्यासारखा वावरणारा एक पोरगा आहे. गेलेल्या माणसाला आठवावं तर असं, त्याच्या खोडींसकट. आपण मात्र त्याला शाळेच्या पुस्तकात बसवलं, श्रावण आला की बाहेर काढलं आणि ‘निसर्गप्रेमी’ असा शिक्का मारून मोकळे झालो.

निसर्गप्रेमी म्हणजे काय, हे तपासायला मी त्याची ‘औदुंबर’ ही कविता घेतो. ओळी आठ, आणि शेवटच्या ओळीत पाण्यात पाय टाकून बसलेला औदुंबर, म्हणजे आपला उंबर. कुणाला त्यात विरक्त योगी दिसला, कुणाला मृत्यू, कुणाला कवीचं खिन्न मन. दिसोत. पण अर्थ लावणाऱ्यांपैकी किती जणांनी ओढ्याकाठचा उंबर पाहिला असेल, अशी मला शंका आहे. उंबराला पाण्याची ओढ फार. विहिरीची जागा बघायला निघालेला शेतकरी आधी उंबर कुठे आहे ते बघतो. ओढ्याच्या कडेला माती वाहून गेली की त्याची मुळं उघडी पडतात, थेट पाण्यात उतरतात, आणि झाड खरोखर पाय सोडून बसल्यासारखं दिसतं. म्हणजे ती प्रतिमा बसून सुचलेली नाही, ती आधी डोळ्यांनी पाहिलेली आहे.

आणि त्याने काय गाळलं तेही बघा. उंबराची फळं खोडालाच लगडतात, वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा येतात. तांबट, हरियाल, बुलबुल, रात्री वटवाघळं, सगळ्यांची तिथे पंगत. फुलं फळाच्या आत, आणि त्यांचं परागीभवन करणारा कीटक चिलटाएवढा. एखाद्या हौशी कवीने यातलं सगळं कवितेत कोंबलं असतं. मी तर नक्कीच. ठोंबऱ्यांनी पलीकडचं इवलंसं गाव, शेतांतून जाणारी पायवाट, डोहाचं काळं पाणी आणि झाडाची बैठक असं मोजकंच ठेवलं. किती पाहिलं त्यापेक्षा किती सोडलं यात ती नजर कळते.

एक तक्रार मात्र नोंदवतो. ‘फुलराणी’तलं फूल कोणतं? तिथे कीर्तिकरांचंही काही चाललं नसतं. ते फूल गोष्टीतलं आहे, रानातलं नाही. लोक त्याच कवितेवर जास्त प्रेम करतात, करोत. माझं मत औदुंबराला.

हा कवी कोकणातला नव्हे, हेही विसरू नये. काळी जमीन, कापूस, मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपलीकडे नेणारा हा खानदेश. जिथे आठ महिने रान करपलेलं असतं, तिथल्या माणसाला हिरवा रंग दिसतो तसा बारमाही हिरवाईत राहणाऱ्याला दिसत नाही. त्याच्या श्रावणाला इतकी झळाळी आहे ती मागचा उन्हाळा सोसल्यामुळे, असं मी समजतो. आणि याच हाताने ‘पारवा’ लिहिला. पडक्या धर्मशाळेच्या कौलांवर बसून घुमणारा पारवा. तिथे ना फुलं, ना ऊन-पावसाचा खेळ. तरी पाहणं तितकंच नेमकं आहे. आनंद आटला तरी त्याने बाहेर बघणं थांबवलं नाही.

आज गिरणेच्या पात्रातली वाळू डंपरने जाते, नाले पावसाळा सरताच सुकतात, आणि बांधावरचा उंबर सावली पाडतो म्हणून तोडला जातो. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. त्याची अडचण त्याला ठाऊक. पण ‘औदुंबर’ शिकवणाऱ्या मास्तरांनी वर्ग एकदा उंबराखाली न्यायला कुणाची हरकत नसावी.

संयोजकांनी उद्या सकाळी कविसंमेलन आणि ओढ्याकाठची वृक्षफेरी एकाच वेळी ठेवली आहे. कार्यक्रमपत्रिका छापून झाली, आता बदल नाही, असं त्यांनी मला नम्रपणे सांगितलं. तेव्हा कवींनी सुरुवात करून घ्यावी. अध्यक्ष उशिरा येतील, आणि त्यांच्या चपलांना चिखल असेल.