सांगितलं, पण कळलं का?

आज मला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या समुपदेशनावर बोलायचं आहे. सिकलसेल म्हणजे काय, हे राजूरच्या पंचक्रोशीत आता नव्याने सांगायला नको. नंदुरबारच्या भिल्ल-पावरांत किंवा गडचिरोलीकडे तो जितका आढळतो, तितका आपल्या महादेव कोळी, ठाकर वस्त्यांवर नाही. पण कमी आहे म्हणूनच त्याविषयी नीट बोलणारंही कमी. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. शून्य ते चाळीस वयाची सात कोटी माणसं तपासायचं ठरलं. तपासा, जरूर तपासा. माझं भांडण आहे ते अहवाल हातात दिल्यानंतरच्या पाच मिनिटांशी.

त्या पाच मिनिटांत काय होतं? टेबलापलीकडून एक वाक्य येतं, ‘तुम्ही दोघं वाहक आहात, पंचवीस टक्के धोका आहे.’ बाई मान हलवते. आपण रजिस्टरमध्ये लिहितो, समुपदेशन केले. अहो, आपल्याकडचं माणूस टेबलामागच्या माणसाला नाही म्हणत नाही. ‘हो ताई’ म्हणणं ही रीत आहे, त्यात कळल्याची पावती नाही. घरी जाऊन तीच बाई सासूला सांगते, चारातलं एक पोर आजारी निघणार. आपलं पहिलं निघालं, म्हणजे पुढची तीन सुटली!

इथे मी चिंचोके काढते. चल्लस आठ खेळताना आपण चिंचोके दगडावर घासून अर्धे करतो, एक बाजू काळी, एक पांढरी. असे दोन घ्या. एक आईचा, एक बापाचा. टाका. दोन्ही पांढरे पडले, तर मूल निरोगी. एक काळा, एक पांढरा, तर मूल आईबापासारखंच वाहक, म्हणजे तेही धडधाकट. वाहक मोठेपणी रोगी होत नाही. दोन्ही काळे पडले तरच आजार. आता उचला आणि पुन्हा टाका. चिंचोक्याला मागचा डाव आठवतो का? नाही. प्रत्येक गरोदरपणात डाव नवा, आणि दर वेळी धोका तोच, चारात एक. आणखी एक बघा, एकट्या आईच्या चिंचोक्याने दोन काळे कधी पडले नाहीत. सुनेला माहेरी धाडणाऱ्यांनी हे जरा कान देऊन ऐकावं. बापाचाही चिंचोका त्यात होता.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं. चिंचोके तिच्या हातात द्या आणि म्हणा, ‘घरी गेल्यावर घरच्यांना काय सांगशील, ते आधी मला सांग.’ ती सांगेल त्यात चूक निघाली, तर ती आपल्या सांगण्यातली चूक. पुन्हा सांगा. आशाताईंनो, सिस्टरांनो, डॉक्टरसाहेब, तुम्हालाही, मी हे तिसऱ्यांदा म्हणायला तयार आहे: मान हलली म्हणजे कळलंच असं नाही. तिच्या तोंडून ऐका.

दुसरं, नेहमीचा एक प्रश्न. ‘ताई, तुम्ही आमच्या जागी असता तर काय केलं असतं?’ दोघंही वाहक असतील तर गर्भाची तपासणी तिसऱ्या महिन्याच्या आसपास होऊ शकते, त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागतं. करायची की नाही, पुढे काय ठरवायचं, हे त्या नवराबायकोचं. मी उत्तर देत नाही. पण ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून हातही झटकत नाही. मी विचारते, भीती कशाची वाटते? कोणी जोर करतंय का? आजारी पोराचं करायला घरात कोण आहे? हे विचारलं की माणसं आपलं आपण बोलायला लागतात. कधी रडतात. रडू द्यावं, लगेच पाण्याचा पेला पुढे करून गप्प करू नये.

तिसरं म्हणजे गुप्तता. आश्रमशाळेच्या वर्गात नावं पुकारून अहवाल वाचू नका. ग्रीसमध्ये ओर्खोमेनोस नावाच्या गावात पन्नासेक वर्षांपूर्वी अशीच सगळ्यांची तपासणी झाली. सल्ला दिला गेला. पण वाहकांना कमी लेखलं जाऊ लागलं, तेव्हा लोक ते लपवू लागले, आणि वाहकांची आपसातली लग्नं, तपासणी झालीच नसती तर जितकी झाली असती, साधारण तितकीच झाली. तपासणी चोख होती, माणसांशी बोलणं कमी पडलं.

तरुण मुलामुलींना एवढंच सांगते. लग्न ठरण्याआधी रक्त तपासून घ्या, मुलीचंच नव्हे, दोघांचंही. सरकारी दवाखान्यात चौकशी करा. अहवाल घ्यायला जोडीने जा, आणि समजलं नाही तर टेबलापलीकडच्या माणसाला पुन्हा सांगायला लावा. ते त्याचं कामच आहे.