पडद्यावरचं शेत



नेदरलँड्समधल्या एका बटाट्याच्या शेतापासून सुरुवात करू या. बटाटा लावणाऱ्यांना करपा म्हणजे काय ते मी सांगायला नको. हवेत दमटपणा किती, उष्णता किती, यावर करप्याचं येणं-न येणं ठरतं. म्हणून डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातल्या मंडळींनी सुमारे शंभर छोट्या डब्या शेतात लावायचं ठरवलं. प्रत्येक डबीत हवा मोजणारा सेन्सर, एक इवलासा संगणक, एक बिनतारी यंत्र आणि सेल. डबीनं मोजलेला आकडा शेजारच्या डबीला सांगायचा, तिनं पुढच्या डबीला, असं करत करत तो शेताच्या कडेच्या ठाण्यावर पोचायचा. यालाच बिनतारी सेन्सरांचं जाळं म्हणतात.

झालं काय? हंगाम संपल्यावर हिशेब केला तेव्हा जेवढे निरोप यायला हवे होते, त्यांतले शेकडा दोनच हाती आले होते. शंभरातले अठ्ठ्याण्णव वाटेतच गेले. ही माणसं प्रामाणिक. त्यांनी २००६ साली सगळी फजिती छापून टाकली, आणि लेखाला नाव दिलं ‘मर्फीला बटाटे आवडतात’. जे बिघडू शकतं ते बिघडणारच, असं सांगणारा तो इंग्रजीतला मर्फी!

आता प्रश्न येतो शिक्षकांचा. हा विषय मुलांना शिकवायचा कसा? शंभर डब्या विकत घेणं कुठल्याही शाळा-कॉलेजला परवडत नाही, आणि परवडलं तरी एका चुकीला एक हंगाम जातो. म्हणून संगणकाच्या पडद्यावर शेत मांडायचं. मुलानं ठिपके लावायचे, कळ दाबायची, आणि महिनाभराचं काम मिनिटात पाहायचं. मोठ्या संशोधकांकडे अशी साधनं आहेतच. अमेरिकेत बर्कलेला २००३ साली टॉसिम तयार झालं, स्वीडनमध्ये पुढं कूजा आलं. पण ती कारागिराची हत्यारं आहेत. शिकाऊ मुलासाठी मला नेटलोगो बरं वाटतं. युरी विलेन्स्की यांनी ते १९९९ साली काढलं, आणि ते फुकट मिळतं. त्यात प्रत्येक ठिपक्याला चार नियम सांगायचे, की तो आपल्या बुद्धीनं वागू लागतो.

मात्र असा कार्यक्रम लिहायला बसण्याआधी अंगणात जावं, असं माझं मत आहे. पाच मुलं एका ओळीत उभी करा. ओळीच्या एका टोकाला मास्तर, ते ठाणं. प्रत्येक मुलाच्या हातात वीस चिंचोके, ते सेल. एका फेरीत प्रत्येकानं आपला एक निरोप पाठवायचा आणि मागून आलेले निरोपही पुढं द्यायचे. एक निरोप दिला की एक चिंचोका खाली टाकायचा. सर्वांत लांबचं मूल फेरीला एकच चिंचोका खर्च करतं. मास्तरांजवळचं मूल स्वतःचा एक आणि मागच्या चौघांचे चार, असे पाच टाकतं. चार फेऱ्यांत त्याचे हात रिकामे! लांबच्याकडे अजून सोळा चिंचोके आहेत, त्याच्या पुढच्याकडे बारा, मग आठ, मग चार. शंभरातले चाळीस चिंचोके शिल्लक आणि जाळं मात्र मेलेलं. गावातल्या सगळ्या गल्ल्या वेशीत मिळतात, म्हणून वेशीतलाच रस्ता आधी उखडतो, त्यातलाच हा प्रकार.

मग संगणकावर तेच पाच ठिपके मांडायचे. चौथ्या फेरीअखेर तिथंही बरोबर चाळीस उरले पाहिजेत. उरले नाहीत तर कार्यक्रमात खोट आहे. हाताचा हिशेब आणि यंत्राचा हिशेब जुळल्याशिवाय पुढची पायरी चढू नये. नंतर मग मुलांना मोकळं सोडा. ठाण्याजवळ दोन ठिपके जास्त लावले तर काय होतं? ठाणंच शेताच्या मधोमध नेलं तर? मूल स्वतः ठिपके हलवतं तेव्हा त्याला जे समजतं, ते फळ्यावर तासभर लिहून समजत नाही.

दुसरी गोष्ट झोपेची. या डब्यांना बोलायला जेवढी वीज लागते, जवळजवळ तेवढीच नुसतं ऐकत बसायलाही लागते. बिनतारी यंत्र चालू असलं की साधारण वीस मिलिअँपिअर. पेन्सिल सेलमध्ये साठा अडीच हजार मिलिअँपिअर-तासांचा धरा. भागाकार केला की १२५ तास, म्हणजे पाच दिवस आणि वर थोडं. पण डबी शंभर सेकंदांत एकच सेकंद जागी ठेवली तर कागदावर ५२० दिवस निघतात. झोपेतही थोडं खातंच आणि सेल आपोआपही उतरतो, तेव्हा प्रत्यक्षात कमीच. शिवाय ती झोपलेली असताना शेजारणीनं हाक मारली तर ती ऐकणार कोण? म्हणून पडद्यावर झोप कमी-जास्त करायची एक खूण ठेवावी, आणि शेजारी हरवलेल्या निरोपांचा आकडा दिसता ठेवावा. झोप वाढवली की हा आकडा कसा चढतो, ते मुलाच्या डोळ्यांसमोर घडलं पाहिजे.

आता खरी मेख. पडद्यावर प्रत्येक ठिपक्याभोवती एक वर्तुळ काढणं फार सोपं. वर्तुळात आलेल्याला ऐकू येतं, बाहेरच्याला नाही. दिसायला नीटनेटकं, पण शेतात असं वर्तुळ कुठंच नसतं. एका अंगाला हाक लांब जाते, दुसऱ्या अंगाला चार पावलांवर विरते. कधी ही डबी तिचं ऐकते, पण तिला हिचं ऐकू येत नाही. त्याच बटाट्याच्या मंडळींनी आधी मोजणी केली होती. पीक फुलोऱ्यात आलं की हाकेचा टप्पा आखडत होता. आणि पावसात? आपण म्हणू, पावसात आणखी बिघडणार. पण रात्री आणि पावसात, हवा दमट असताना, निरोप जास्त चांगले जात होते!

म्हणून पीक वाढवण्याची आणि पाऊस पाडण्याची कळ कार्यक्रमात हवीच. पण ती दाबण्याआधी प्रत्येक मुलाकडून अंदाज लिहून घ्यावा, निरोप वाढतील की घटतील. अंदाज न लिहिता कळ दाबू दिली तर मूल नुसता खेळ पाहतं, आणि ‘मला ठाऊकच होतं’ म्हणून मोकळं होतं. कार्यक्रमातच अशी सोय करावी, की अंदाजाची चौकट भरल्याशिवाय कळ चालूच नये.

राहता राहिली ती शेकडा दोनची गोष्ट. ते अठ्ठ्याण्णव निरोप काही पानाफुलांनी खाल्ले नव्हते, बराचसा दोष डब्यांत भरलेल्या सूचनांचा होता. प्रत्येक डबीत शेजाऱ्यांची यादी असते. त्या यादीला किती जागा ठेवायची, हे कार्यक्रमाच्या दोन भागांनी वेगवेगळं धरलं होतं. शेतात एकेका डबीला तीस-तीस शेजारी ऐकू येऊ लागले आणि याद्या अपुऱ्या पडल्या. त्यातच बहुतेक डब्या दर दोन ते सहा तासांनी आपल्याआप बंद होऊन नव्यानं सुरू होत होत्या. एकदा तर सगळे सेल चार दिवसांत संपले.

तेव्हा पडद्यावरच्या शेतातही यादीची जागा मुलालाच ठरवू द्यावी. आधी दहा ठिपक्यांचं शेत द्या आणि यादीत आठ जागा ठेवू द्या. सगळं सुरळीत चालेल. मग त्याच शेतात शंभर ठिपके दाटीनं लावायला सांगा, यादी आठाचीच राहू द्या, आणि निरोप कुठं अडतात ते त्यालाच शोधू द्या. पहिला तास त्यातच जाईल. जाऊ द्यावा.