गावाच्या वतीने कोण बोलणार?

(साक्षरता वर्गाच्या समारोपाला केलेले भाषण)



आज तुमच्या वर्गाचा शेवटचा दिवस. नारळ फुटला, हार झाले. आता हेडमास्तर चार शब्द बोलणार आणि मग चहा मिळणार, असे तुम्ही धरून बसला आहात. चहा मिळेल. पण त्याआधी आम्हांला एका कामाचे बोलायचे आहे.

येत्या मंगळवारी तुमची ग्रामसभा आहे. त्या सभेत तुम्ही दोन बाया आणि दोन पुरुष निवडणार. हे चौघे गावाच्या वतीने तालुक्याला जातील, जिल्ह्याला जातील. साहेबांशी बोलतील, तेंदूच्या व्यापाऱ्याशी बोलतील. गावाला जंगलाचा हक्क मिळाला, त्याचा कागद पेटीत आहे. पण पेटीतला कागद बोलत नाही. त्याच्यासाठी माणसाला बोलावे लागते. तो माणूस कसा असावा, हेच आज बोलायचे.

आधी एक प्रश्न विचारतो. सरकार कुठे असते? कोणी म्हणेल दिल्लीला, कोणी म्हणेल मुंबईला. खरे आहे. पण आपल्या दारात येणारे सरकार निराळे. तलाठी येतो, त्याच्याजवळ सातबारा. ग्रामसेवक येतो, त्याच्याजवळ पंचायतीचे दप्तर. वनरक्षक येतो, त्याच्याजवळ पावतीपुस्तक. प्रत्येकाची वही वेगळी, प्रत्येकाचा साहेब वेगळा. एकाला विचारले की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आपण मधल्या मधे फिरतो, आणि शेवटची बस निघून जाते.

या सगळ्या वह्यांच्या शेजारी आता आपलीही एक वही आहे. ती ग्रामसभेची ठरावांची वही.

धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे गोंडांचे गाव आहे. लेखाजवळ आहे, म्हणून लोक मेंढा-लेखा म्हणतात. त्या गावाने पुष्कळ वर्षांपूर्वी एक घोषणा केली: दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. पुष्कळांना वाटले, हे बंडाचे बोलणे आहे. तसे ते नाही. दिल्लीचे सरकारही आमचेच, असे ते गाव आधी म्हणते. भांडण सरकारशी नाही. कोणते काम कोणी करायचे, एवढाच प्रश्न आहे.

हे कायद्यातही आहे. १९९६ साली संसदेने आदिवासी भागासाठी पेसा कायदा केला. आपल्या राज्याने त्याचे नियम २०१४ साली केले. आणि २००६ साली वनहक्काचा कायदा झाला. त्यापूर्वी काय होते, ते म्हाताऱ्यांना विचारा. जमीनदारीच्या काळात जंगल जमीनदाराचे. १९५० च्या कायद्याने जमीनदारी गेली, जंगल सरकारकडे आले. गावाकडे निस्तार राहिला, म्हणजे घरापुरते लाकूड, घरापुरता बांबू. तोसुद्धा हात जोडून मागायचा. २००६ च्या कायद्याने सांगितले की, पिढ्यान् पिढ्या जे जंगल गावाने वापरले, राखले, त्यावर गावाचा हक्क आहे. तो हक्क सरकारने दान दिला नाही. होता तो कागदावर मान्य केला.

इथे एक घोटाळा नेहमी होतो, तो मोडून काढू. ग्रामपंचायत म्हणजे ग्रामसभा नव्हे. पंचायतीत पाच-सात गावे असतात, तिथे निवडून दिलेले सदस्य बसतात. ग्रामसभेत गावातले सगळे मतदार बसतात. तिथे निवडून यावे लागत नाही. तुमची सासू ग्रामसभेत आहे, तुमची सूनही आहे. सरपंच भला माणूस असेल. पण सरपंचाची सही म्हणजे ग्रामसभेचा ठराव नव्हे.

आता मेंढ्याच्या बांबूची गोष्ट ऐका.

२००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या पहिल्या गावांत ते आणि शेजारचे मर्दा गाव होते. बांबू आमचा, आम्ही तो विकू, असे गावाने ठरवले. पण बांबू जंगलाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो. परवान्याचे पुस्तक वनखात्याकडे. वनखाते म्हणाले, १९२७ च्या कायद्यात बांबू हे झाड आहे, आणि झाडावर तुमचा हक्क नाही. गाव म्हणाले, २००६ च्या कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, आणि गौण वनोपज ग्रामसभेच्या मालकीचे आहे. आता सांगा, बांबू झाड की गवत? आपल्या पोरालाही ठाऊक आहे. पण हा प्रश्न दिल्लीपर्यंत गेला.

हे गाव भांडले कसे? एका हुशार माणसाला पुढे करून नाही. देवाजी तोफा हे त्या गावचे नाव सगळीकडे माहीत आहे, मोहन हिराबाई हिरालाल यांनी त्यांच्यासोबत फार वर्षे काम केले. पण गावात अभ्यासगट चालत असे. कायद्यात काय लिहिले आहे, ते लोक बसून वाचत, समजून घेत, मग बोलत. आणि निर्णय सगळ्यांच्या संमतीने. मोजून हात वर करायचे आणि जास्त हात ते जिंकले, असे तिथे नाही. एकाचे जरी मन नसेल, तरी पुन्हा बसायचे. आम्हांला आधी हे वेळ घालवणे वाटे. पुढे समजले की, सगळ्या गावाने कबूल केलेली गोष्ट साहेबाला फोडता येत नाही. अर्धे गाव नाराज असले, की त्याच फटीतून व्यापारी आत येतो.

मार्च २०११ मध्ये केंद्राचे वनमंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले की बांबू गौण वनोपज समजावा. २७ एप्रिल २०११ ला ते स्वतः मेंढ्याला आले. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणही आले. परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्या दिवसाचे फोटो पुष्कळ निघाले. आम्हांला मात्र मोल वाटते ते आधीच्या काळाचे, जेव्हा फोटो काढणारा कोणी नव्हता आणि अर्ज चालू होते.

पुढे पैसा आला आणि कामेही आली. ग्रामसभेला बँकेत खाते लागले, पॅन कार्ड लागले. म्हणजे आयकर खातेही आता ओळखीचे झाले! सरकार झाले की हेही आलेच.

आता एक गोष्ट आमची सांगतो. सांगायला बरी वाटत नाही.

आमच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली ही गोष्ट. गावाचे नाव घेत नाही, व्यापाऱ्याचेही घेत नाही. त्या गावाने पहिल्यांदाच तेंदूपत्ता स्वतः विकायचा ठरवला होता. बोलणी करायला गावाने गावपाटलाला निवडले. माणूस सोन्यासारखा. अक्षर येत नव्हते, पण सगळ्या गावाचा विश्वास. ते आमच्याकडे आले. म्हणाले, “गुरुजी, तुमी संगं चला. तुमाले वाचता येते.”

आम्ही गेलो. व्यापाऱ्याच्या माणसाने खुर्च्या दिल्या, चहा दिला. करारनामा टाइप केलेला, तीन पाने. त्याने तोंडी सांगितले: गोणीचा भाव अमुक, गोणी म्हणजे हजार पुडे, पुड्यात सत्तर पाने, पैसे तीन हप्त्यांत. पाटलांनी अंगठा लावला. आम्ही खाली साक्षीदार म्हणून सही केली.

कागद आम्ही वाचला नाही.

आम्ही जुनी अकरावी मॅट्रिक. तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना वाचायला शिकवले. आणि तीन पाने वाचली नाहीत. का? चारची बस होती. आणि समोरचा माणूस इतका गोड बोलत होता, की त्याच्यासमोर कागद उचलून वाचायचा म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे वाटले. खरे सांगायचे तर आम्ही लाजलो.

दोन हप्ते आले. तिसरा आला नाही. पावसाळा संपला, दिवाळी गेली. मग कागद उघडला. तिसऱ्या पानावर लिहिले होते: शेवटचा हप्ता माल विकल्यानंतर. माल कधी विकला, कोणाला विकला, कोणत्या तारखेपर्यंत पैसे द्यायचे, काही नाही. आम्ही चकरा मारल्या. तो म्हणे, माल अजून गोदामात आहे.

मे महिन्याच्या उन्हात बाया पहाटे चारला उठून जंगलात गेल्या होत्या. दुपारी पाने आणायची, संध्याकाळपर्यंत पुडे बांधायचे, फळीवर न्यायचे. त्या बाया पैसे विचारायला पाटलांच्या दारी गेल्या. आमच्या दारी कोणी आले नाही. गुरुजी ना आम्ही! पाटलांनी आपली बैलजोडी विकली आणि तीन गरीब घरांचे पैसे भागवले. बाकीच्यांना काय सांगणार? त्यानंतर ते चावडीवर बसायचे बंद झाले.

त्या गावावरून बस जाते तेव्हा आम्ही अजून दुसरीकडे पाहतो.

म्हणून तुमच्या चौघांसाठी आमचे मागणे आहे. एकट्याने जाऊ नका. कमीत कमी दोघे जा, आणि त्यात एक बाई असू द्या. कोरची तालुक्यात सुमारे ९० गावांच्या ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली आहे. तिथे प्रत्येक ग्रामसभा दोन बाया आणि दोन पुरुष पाठवते. तुमच्या गावानेही तेच धरले, हे फार चांगले केले. पाने बायाच तोडतात, पुडे बायाच बांधतात. भावाचे बोलणे चालू असताना त्या दाराबाहेर का? वनहक्काच्या नियमांतही आहे, की ग्रामसभेला गावाचे निम्मे मतदार हवेत, आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया हव्यात. नाहीतर ती सभाच नव्हे.

जाताना ठरावाची प्रत संगती घ्या. ठरावात आहे तेवढेच बोला. साहेब नवीन काही विचारतील. व्यापारी म्हणेल, भाव वाढवतो, पण आत्ताच सही करा. तेव्हा एकच उत्तर: ग्रामसभेला विचारून सांगतो. यात कमीपणा नाही. जिल्हाधिकारीसुद्धा मंत्रालयाला विचारतात. आणि हो, अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. पोच नसलेला अर्ज म्हणजे नदीत टाकलेला दगड. कारकून रागावला तर रागावू द्या. बसायला जागा नसेल तर उभे राहा, पण पोच घेतल्याशिवाय उतरू नका.

साहेबांशी उर्मटपणे बोलावे, असे आम्ही म्हणत नाही. जोहार करावा, बसावे, मुद्दा सांगावा. चांगले साहेबही असतात, आम्ही पाहिले आहेत. त्यांना आपल्या कागदाचा आधार लागतो, म्हणजे तेही वर बोलू शकतात.

नाही म्हणायचाही अधिकार आहे, हे विसरू नका. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. त्या गावाला २०१२ साली सुमारे १,००० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. तेंदूसाठी फांद्या छाटतात, जंगलात आग लावतात, त्याने जंगल खराब होते, असे गावाने पाहिले. मग तेंदूपत्ता तोडायचाच नाही, असे ठरवले. बांबूवर भागवतो म्हणाले. टेंभरे पिकतात, ती पोरे खातात, पाखरे खातात. आता हा निर्णय तुम्ही घ्या, असे आम्ही म्हणत नाही. तुमच्याकडे बांबू थोडा आहे, तेंदू सोडून चूल कशी पेटेल, ते तुम्हांलाच माहीत. पण निर्णय पाचगावचा पाचगावने घेतला, एवढे पाहा.

ओडिशात नियमगिरी नावाचा डोंगर आहे. तिथे बॉक्साइटची खाण काढायची होती. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, आधी ग्रामसभांना विचारा. बारा गावांत सभा झाल्या, न्यायाधीश समोर बसले. बाराही गावांनी नाही म्हटले. बोलणारे डोंगरावर राहणारे लोक होते. त्यांतले पुष्कळ तुमच्यासारखेच, उशिरा अक्षर शिकलेले किंवा न शिकलेलेही.

आता चहाकडे वळू. पण थांबा. यंदाच्या तेंदूच्या करारनाम्याचा मसुदा काल आला आहे. पाच पाने आहेत. तो आम्ही मुद्दाम आज बरोबर आणला आहे, इथे बाकावर ठेवतो. मंगळवारी ग्रामसभेत तो वाचायचा आहे, आणि आम्ही वाचणार नाही. तुमच्या वर्गातल्या बाया वाचतील, एकेक पान एकेकीने. अडले तर आम्ही आहोत. जोडाक्षरांना घाबरू नका, सावकाश वाचा, कोणाची बस चुकत नाही.

सुरुवात चौथ्या पानापासून करू. हप्त्यांचे तिथे लिहिले आहे, आणि आम्ही काल पाहिले, शेवटच्या हप्त्यापुढे तारखेची जागा कोरी आहे.