चांदीपुरा विषाणूचा पेशीतला प्रवेश

नागपूर विभागातल्या चांदीपुरा इथे १९६५ मध्ये हा विषाणू सापडला. तो वाळूमाशीमार्फत पसरतो आणि लहान मुलांच्या मेंदूला सूज आणतो. बंदुकीच्या गोळीसारख्या या विषाणूवर ‘जी’ प्रथिने उभी असतात. ती पेशीला चिकटली, की पेशी विषाणूला एका पिशवीत आत ओढते. पिशवीतली आम्लता वाढताच प्रथिन उलगडते, त्याची टोके पिशवीच्या पटलात रुततात. मग ते दुमडून विषाणूचे आणि पिशवीचे पटल एकमेकांत मिसळवते. विषाणूचा आरएनए पेशीत उतरतो. आम्लता घटल्यास हे प्रथिन पूर्ववत होऊ शकते. या आजारावर खात्रीचे औषध नाही. म्हणून वाळूमाश्या लपतात त्या भिंतींच्या भेगा लिंपाव्यात, आणि मुलाला तापात झटके आल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.