आपला पणजोबा कागदावर कसा ओळखायचा?

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीनं मला चाळीस मिनिटं दिली आहेत. महसूल खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाच्या हातात माईक देणं तसं धोक्याचंच, पण सेक्रेटरीसाहेबांनी घड्याळ समोर ठेवलंय, त्यामुळे काळजी नसावी.

हा विषय सुचला तो आपल्याच ऑफिसात. गेल्या वर्षी सभासद नोंदवही, म्हणजे आपला ‘आय’ नमुना, नीट लिहून काढायचं ठरलं आणि मला मदतीला बसवलं. शेअर सर्टिफिकेटवर एक नाव, आधारवर दुसरं, वीजबिलावर तिसरं. एका ठिकाणी ‘दीक्षित’चं इंग्रजी स्पेलिंग एक्सनं, दुसऱ्या ठिकाणी केएसएचनं. एका काकूंचं नाव लग्नाआधीचं, लग्नानंतरचं आणि घरात हाक मारायचं असं तिन्ही ठिकाणी तीन. सगळे शिकलेले, सही करणारे, आणि हे फक्त पंचवीस वर्षांतलं. मग दीडशे वर्षांपूर्वी ज्याला अक्षरओळखच नव्हती, त्याचं नाव प्रत्येक कागदावर सारखं कसं सापडणार?

म्हणून पहिली गोष्ट सांगतो. आपल्या पूर्वजांनी स्वतःचं नाव लिहिलेलं नाही. ते दुसऱ्या कोणीतरी लिहिलं. गावात कुलकर्ण्यानं किंवा तलाठ्यानं, शाळेत मास्तरांनी, मुंबईला आल्यावर गिरणीतल्या कारकुनानं. त्यानं जे ऐकलं ते त्याच्या सवयीप्रमाणे कागदावर उतरवलं. त्यामुळे ‘आमच्या आडनावाचं मूळ स्पेलिंग कोणतं’ हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. मूळ स्पेलिंग असं काही नव्हतंच, मूळ होता तो आवाज.

त्यातून मोडी. आधी पानभर आडवी रेघ मारायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायची, हात न उचलता. दोन शब्दांत जागा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. आज ‘आमच्यात दुसरी वेलांटी, त्यांच्यात पहिली, म्हणजे ते वेगळे’ असं कोणी ठामपणे सांगतं, तेव्हा मला हसू येतं. मोडी कागदात हा भेद पाहायलाच मिळणार नाही. मराठवाड्यातल्या मंडळींची अडचण वेगळी. १९४८ पर्यंत तिकडे निजामाचं राज्य, जुनं दप्तर बरंचसं उर्दूत. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत, वाचणाऱ्यानं समजून घ्यायचे. मग तेच नाव एक वाचक एका तऱ्हेनं वाचतो, दुसरा दुसऱ्या.

इंग्रजांनी आणखी भर घातली. ‘शिंदे’ त्यांच्या कागदात ‘सिंदिया’ झाले आणि ते स्पेलिंग पुन्हा नागरीत येताना ‘सिंधिया’ झालं. राजघराण्याची ही गत, तर आपली काय कथा! गोव्यातल्या पोर्तुगीज कागदात ‘प्रभू’ सापडत नाहीत, ‘पोरोबो’ सापडतात. ‘कामत’ हवे असतील तर ‘कामोतिम’ शोधा. तिथे ‘श’साठी एक्स लिहीत, म्हणून शांताराम यादीत अगदी शेवटी जाऊन बसतो. मॉरिशसला १८३४ पासून करारावर मजूर गेले, त्यात आपल्या कोकणातलेही होते. तिथल्या नोंदींत पुष्कळदा बापाचं पाळण्यातलं नावच पुढच्या पिढीचं आडनाव होऊन बसलं. त्यांचे वंशज आज गाव शोधत येतात तेव्हा हातात आडनाव असतं, पण त्या आडनावाचं घर गावात कधीच नव्हतं.

मग माणूस ओळखायचा कसा? नावावरून नव्हे, नावाच्या आजूबाजूला काय आहे त्यावरून. बाप कोण, गाव कोणतं, जमिनीचा नंबर कोणता, शेजारी कोण.

जुन्या कागदात चार-पाच छोटे शब्द येतात, ते तेवढे पाठ करा. ‘बिन’ किंवा ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘अज्ञान’ म्हणजे वयानं लहान, बुद्धीचा संबंध नाही. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. घरात पाच भाऊ असले तरी नाव एकट्या थोरल्याचं लागलेलं असतं. ‘आमच्या आजोबांचं नाव उताऱ्यावर नाहीच, काकांनी खाल्लं’ अशी भांडणं मी कितीतरी ऐकली. त्यातल्या पुष्कळांत त्या नावाआधीची ही तीन अक्षरं कोणी वाचलेलीच नव्हती.

आता एक खरा प्रसंग. आपल्याच सोसायटीतलं कुटुंब आहे, त्यांच्या परवानगीनं पण नाव न घेता सांगतो. मुलीचा प्रवेश होता आणि जातपडताळणी अडकली होती. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, हे तुम्हाला माहीत असेल. आजोबांचा शाळेतला दाखला होता, त्यावर गावावरून पडलेलं ‘कर’ लावलेलं आडनाव. पण त्यात जातीचा रकाना कोरा. पणजोबांच्या मृत्यूची नोंद कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये सापडली. तिथे जात स्पष्ट लिहिलेली, पण आडनावाचा पत्ता नाही. नुसतं नाव, बिन, बापाचं नाव. कचेरीत सांगितलं गेलं, ही दोन माणसं वेगळी आहेत. कचेरीचंही चूक म्हणता येत नाही. कागदावर ती वेगळीच होती.

मुलीचे वडील माझ्याकडे आले ते रडकुंडीला येऊन. मी विचारलं, जमीन होती का? म्हणाले, होती थोडी, काकांनी विकली. म्हटलं, विकली तर उत्तमच, विकताना कागद होतो.

मग आम्ही उलटे गेलो. विक्रीच्या फेरफारात गट नंबर होता. गट नंबर हे नंतरचे. १९४७ च्या कायद्यानं तुकडेबंदी आणि एकत्रीकरण आलं, त्या योजनेत पडलेले. कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला ते एकत्रीकरणाच्या पत्रकात असतं. तिथून जुना सर्व्हे नंबर मिळाला. त्या नंबरावरचे जुने फेरफार काढले, तर पणजोबा वारल्यानंतरचा वारस फेरफार निघाला. ‘मयत’ म्हणून कोतवाल बुकातलंच नाव, बापासकट, तारीखही तीच. वारस दोन मुलगे, धाकटा अज्ञान, त्याची पालनकर्ती आई. त्या धाकट्याचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरातलं नाव, जन्मगाव, आईचं नाव, सगळं जुळलं. आडनाव त्याला शाळेत मास्तरांनी लावलं होतं, एवढाच फरक. नाव प्रत्येक कागदावर बदललं होतं, जमीन मात्र जागची हलली नव्हती.

प्रमाणपत्र आलं. पहिली प्रवेशफेरी तोवर हुकली होती, दुसऱ्या फेरीत जमलं. मुलगी आज इथे बसली आहे, तिला आवडेल म्हणून जास्त सांगत नाही.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. चांगलंच झालं. पण काही ठिकाणी ‘आडनाव जुळलं, गाव जुळलं, म्हणजे आपलेच’ असं धरून चालतात. एका गावात एका आडनावाच्या चार भावक्या असतात आणि प्रत्येक घरात एक सखाराम. मधली एक कडी जरी कागदानं जुळली नसेल, तर तो सखाराम आपला म्हणू नये, मग तो कितीही मोठा असो.

हे मी दुसऱ्यांना सांगतो असं नाही. गावी आमच्या चुलतभावाकडे एक मोडी कागद फ्रेममध्ये आहे. लहानपणापासून ऐकत आलो की पेशव्यांनी आमच्या मूळपुरुषाला जमीन इनाम दिली, ती ही सनद. दसऱ्याला तिला हार घालायचे. मोडी शिकल्यावर मी ती फ्रेम उतरवून वाचली. गाव आमचं. नाव आमच्या वंशावळीतल्या सगळ्यांत वरच्या माणसाचं. पण ‘बिन’च्या पुढे बापाचं नाव वेगळंच. आणि काळ लिहिलाय ‘इहिदे सबैन मया व अलफ’.

हे अरबी आकडे आहेत, उलटे वाचायचे. इहिदे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले ११७१. हा शुहूर सन, मृगापासून सुरू होतो. त्यात ५९९ मिळवा, जानेवारीनंतरचा महिना असेल तर ६००. पानिपत आठवा, म्हणजे घोळ होणार नाही: शुहूर ११६१, जानेवारीतली लढाई, म्हणून १७६१. शक असेल तर ७८ मिळवायचे, जानेवारी ते पाडव्यापर्यंत ७९. फसली दिसलं तर साधारण ५९०. तर आमचा कागद १७७०-७१ चा. इकडे आमच्या घराण्याचा खात्रीचा सगळ्यांत जुना कागद ब्रिटिशांच्या सर्व्हेचा. सर्व्हे १८३६ ला इंदापुरात सुरू झाला, आमच्याकडे पोचायला आणखी वर्षं गेली. मधल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत कागद शून्य. शिवाय आमची जमीन त्या सर्व्हेत इनामी नाही, साधी सारा भरणारी. इनामी जमीन गावातल्या दुसऱ्या भावकीच्या नावावर, आणि त्यांच्या वंशावळीत तो ‘बिन’च्या पुढचा बाप व्यवस्थित बसतो.

म्हणजे सनद त्यांची. ती आमच्या भिंतीवर कशी आली ते कागदात लिहिलेलं नाही. भाऊ वर्षभर माझ्याशी बोलला नाही. वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, वाचली नसती तर काय बिघडलं असतं?’ अजून फ्रेम तिथेच आहे. मी त्या भावकीतल्या आजोबांना मात्र फोटो काढून दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन कितीतरी वेळ पाहिला, मोडीचं एक अक्षर येत नसताना.

आता बायकांविषयी, कारण इथे शोध सगळ्यांत लवकर थांबतो. ज्यांना आजीचं माहेरचं नाव आणि गाव, दोन्ही माहीत आहे त्यांनी हात वर करा. अकरा. हॉल भरलाय आणि अकरा हात, त्यातले नऊ बायकांचे. बघा.

तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं की जुनं संपलं. पुढे कागदावर ती कोणाची तरी ‘कोम’. घरोघरच्या वंशावळीत मुलीच नसतात, छापील कुलवृत्तान्त चाळले तरी जुन्या पिढ्यांत बहुतेक मुलगेच. पूर्वी लोक म्हणायचे, त्यानं काय अडतं? आता अडतं. १९५६ चा वारसा कायदा, त्यावरची २००५ ची दुरुस्ती, यामुळे आत्याचं नाव वारसात यावंच लागतं. तेव्हा धावपळ सुरू होते, की आत्याचं लग्नाआधीचं नाव काय होतं, हे सांगणारं कोणी उरलंय का. अशा वेळी गाव नमुना १४ मधली जन्मनोंद उपयोगी पडते. तिथे मुलगी नोंदवलेली असते, कधी नुसती ‘मुलगी’ म्हणून, पण बापाच्या नावाखाली.

नाशिक, त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय नामावळ्या ठेवतात, त्यांची आठवण करून देतो. यात्रेला गेलेल्या माणसानं स्वतः सांगून लिहवलेली नावं असतात, बरोबर आलेल्या आई-बायकोसकट. जाताना आडनावापेक्षा मूळ गाव सांगा. ‘आम्ही डोंबिवलीचे’ म्हणालात तर हात हलवत परत याल.

कागद हातात आले की दोन गोष्टी करू नका. लॅमिनेशन करू नका. ते पुन्हा सुटत नाही आणि कागद आतल्या आत जातो. आणि जुन्या नोंदीतलं नाव ‘दुरुस्त’ करायला पेन लावू नका. शाई वेगळी दिसली की चांगली नोंदही संशयात जाते. जसं आहे तसं राहू द्या. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं वेगळं प्रतिज्ञापत्र करता येतं, त्याला जोडायला वर सांगितलेली साखळी तयार ठेवा. सुरुवात मात्र घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसापासून, आणि ती याच आठवड्यात. नावं विचारू नका, ती आठवत नाहीत. शेत कोणत्या ओढ्यापाशी होतं, बांधाला कोण होतं, उन्हाळ्यात कोणाकडे राहायला जायचात, ते विचारा. नावं त्यातून आपोआप निघतात.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहे. ज्यांच्याकडे जुने कागद आहेत त्यांनी घेऊन यावे, मूळ प्रत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, घडी न घालता. मोडी मला हळू वाचता येतं, त्यामुळे एका वेळी एकच कुटुंब. फी नाही, चहा मात्र लागेल. सेक्रेटरीसाहेब घड्याळ दाखवताहेत आणि वडे तयार आहेत असं खाली कोणीतरी ओरडलंय.